अडकणाऱ्या बोटावरील शस्त्रक्रिया आणि तदनंतरची सांधेदुखी

मूठ मिटावी आणि उघडताना एखादे बोट मध्येच अडकून बसावे. जोर लावला असता खटकन ते सरळ व्हावे किंवा दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावे लागावे, हा विकार आपल्याकडे सर्वत्र परिचित आहे. बंदुकीचा चाप ओढून सोडावा तशी ही क्रिया दिसते, म्हणून इंग्रजी वैद्यकात तिला ‘ट्रिगर फिंगर’ असे नाव पडले आणि दवाखान्यांतून तेच रूढ झाले. गावोगावी मात्र ‘बोट अडकते’ एवढेच सांगितले जाते, आणि तेवढ्याने वैद्याला विकाराची ओळख पटते. या विकारावरील शस्त्रक्रिया लहान, सुरक्षित आणि बहुतांशी यशस्वी होणारी आहे. तथापि शस्त्रक्रियेनंतर बोट अडकण्याचे थांबले, परंतु बोटाचा मधला सांधा दाबला असता दुखतो, सकाळी तो आखडलेला असतो आणि मूठ पुरती मिटत नाही, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात. सुरी तळहातावर चालली आणि दुखणे बोटाच्या मध्यावर राहिले, ही गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटते. शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष त्यातून काढला जातो, बोट हलविणे बंद होते, आणि जो सांधा सुटण्याच्या मार्गावर होता तो कायमचा ताठर होण्याचा संभव निर्माण होतो. ही वेदना कोठून येते, ती किती काळ राहते आणि तिच्याशी कसे वागावे, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या त्याच्या पाचही तालुक्यांत उपजीविकेचे मुख्य साधन शेती हेच आहे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही येथील महत्त्वाची पिके होत. त्यांपैकी वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या पिकांत यंत्रांचा प्रवेश झाला असला तरी खुरपणी, कापूस वेचणी, हळदीचे गड्डे फोडून हळकुंडे वेगळी करणे ही कामे अद्यापि बोटांनीच होतात, आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येतात. शेतीकामामुळेच हा विकार होतो असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. कारण हाताने कष्ट न करणाऱ्यांतही तो आढळतो. परंतु ज्या स्त्रीची रोजची मजुरी तिच्या मुठीवर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने कसे जातात हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही.

बोटाची रचना

बोटात स्नायू नाहीत. बोट मिटविणारे स्नायू कोपराखाली प्रबाहूत असतात आणि त्यांचे बळ लांब, पांढऱ्या, दोरीसारख्या कंडरांच्या द्वारे बोटापर्यंत पोहोचते. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला मिटविणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांतील वरची कंडरा बोटाच्या मुळाशी दुभंगते आणि तिच्या दोन शाखा मधल्या पेराच्या हाडाला जाऊन मिळतात. खालची कंडरा या दुभंगातून पुढे सरकून शेवटच्या पेरापर्यंत जाते. अंगठ्यास अशी एकच लांब कंडरा असते.

दोरी ओढताना ती हाडापासून दूर सुटू नये यासाठी निसर्गाने बोटाच्या तळहाताकडील बाजूस तंतुमय कड्यांची योजना केली आहे. मोटेची दोरी जशी चाकावरून जाते, तशी कंडरा या कड्यांतून सरकते; म्हणून शारीरशास्त्रात यांस कप्प्या म्हणतात. प्रत्येक बोटात पाच वर्तुळाकार आणि तीन फुलीच्या आकाराच्या कप्प्या असतात. त्यांपैकी पहिली कप्पी बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यासमोर, म्हणजे तळहातावरील सर्वांत वरच्या आडव्या रेषेच्या आसपास असते. दुसरी आणि चौथी या कप्प्या बोटाच्या शक्तीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाच्या असून त्या तुटल्यास कंडरा धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी ताणून वर येते. पहिली कप्पी मात्र कापली तरी बोटाच्या बळात जाणवण्याइतकी उणीव येत नाही. अडकणाऱ्या बोटावरील सर्व शस्त्रक्रिया या एका अनुकूल वस्तुस्थितीवर उभी आहे.

विकाराचे स्वरूप

१८५० साली आल्फाँस नोत्ता या फ्रेंच वैद्याने या विकाराचे प्रथम वर्णन केले. कंडरेवर गाठीसारखा फुगवटा येतो आणि तो कप्पीच्या तोंडाशी अडतो, हे त्याचे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. कंडरा आणि कप्पी यांच्यात पुनःपुन्हा घर्षण होऊन कप्पीच्या आतील थर जाड होतो. त्यातील तंतूंचे काही अंशी कूर्चेसारख्या ऊतकात रूपांतर होते. मार्ग अरुंद होतो आणि त्यातून जाणारी दोरी फुगते. जुन्या ग्रंथांत या विकारास कंडरावरणाचा शोथ म्हटले आहे; परंतु सूक्ष्मदर्शकाखाली शोथाची चिन्हे फारशी दिसत नाहीत, झीज आणि जाडी यांचीच चिन्हे अधिक दिसतात.

हा विकार पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांत अधिक आढळतो. अंगठा आणि अनामिका ही बोटे त्यास अधिक बळी पडतात. मधुमेह, आमवातासारखे सांध्यांचे विकार आणि अवटू ग्रंथीचे विकार असणाऱ्यांत त्याचे प्रमाण वाढते. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात शेकडा २ ते ३ जणांस तो होतो, तर मधुमेही व्यक्तींत हे प्रमाण शेकडा १० पर्यंत जाते, असे सामान्यतः मानले जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा विकाराचा व्याप लक्षात येतो.

येथे एक गोष्ट प्रकर्षाने नमूद केली पाहिजे. अडथळा बोटाच्या मुळाशी असला तरी शस्त्रक्रियेपूर्वीदेखील बहुतेक रुग्ण बोट ठेवून दाखवितात ते मधल्या सांध्यावर. अडकणे आणि सुटणे यांची हालचाल त्या सांध्यात दिसते, म्हणून वेदनाही तेथेच जाणवते. दुखण्याचे मूळ एकीकडे आणि त्याची जाणीव दुसरीकडे, ही या विकाराची पहिल्यापासूनची रीत आहे. शस्त्रक्रियेनंतरची सांधेदुखी समजण्याची किल्ली येथेच सापडते.

उपचारांचा क्रम

आरंभीच्या अवस्थेत बोटास विश्रांती देणे आणि रात्री पट्टी बांधून ते सरळ ठेवणे एवढ्याने काही रुग्णांस आराम पडतो. १९५३ साली हॉवर्ड, प्रॅट आणि बनेल या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी हाताच्या विकारांत हायड्रोकॉर्टिसोनच्या उपयोगाचे विवेचन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून कप्पीपाशी स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धती प्रचारात आली. एक किंवा दोन इंजेक्शनांनी निम्म्याहून अधिक रुग्णांचे बोट मोकळे होते. मधुमेही रुग्णांत हे यश कमी मिळते; शिवाय इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, म्हणून ती तपासणे अगत्याचे असते.

एवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते. तळहातास भूल देऊन एक ते दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, बोटाच्या दोन्ही बाजूंचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बाजूला सांभाळून पहिली कप्पी उभी कापतात आणि रुग्णास बोट मिटून उघडावयास सांगतात. रुग्ण जागा असल्यामुळे अडथळा दूर झाला की नाही याची खात्री तेथेच पटते. हे काम बहुधा १५ ते २० मिनिटांत आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. १९५८ साली लोर्तिवार याने त्वचा न उघडता बारीक हत्याराने कप्पी छेदण्याची रीत वर्णिली. तीही आता काही ठिकाणी सुईच्या साहाय्याने वापरली जाते. अंगठ्यात मात्र मज्जातंतू कप्पीच्या अगदी लगत असल्यामुळे तेथे विशेष सावधगिरी लागते.

वेदनेचे तीन प्रकार

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण ‘हात दुखतो’ असे एकाच शब्दात सांगतो. परंतु या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वेदना असतात, आणि प्रत्येकीचे आयुष्य वेगळे असते.

पहिली वेदना जखमेची. भुलीचा अंमल ओसरल्यावर ती सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरू लागते. पॅरासिटामॉलसारखे साधे औषध आणि हात छातीच्या वर उंच ठेवणे एवढ्याने ती बहुधा आटोक्यात राहते. टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात.

दुसरी वेदना व्रणाची. जखम भरल्यावर तळहातावर एक कठीण, किंचित उंच अशी रेषा राहते आणि तिच्यावर दाब पडला की कळ येते. तळहाताची त्वचा जाड असून तिच्याखाली स्पर्शाचे असंख्य तंतू असतात. त्यामुळे येथील व्रण इतरत्र असलेल्या व्रणापेक्षा अधिक काळ हुळहुळा राहतो. सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेपर्यंत हे चालते आणि नंतर व्रण मऊ पडतो.

तिसरी वेदना सांध्याची. तीच सर्वांत अधिक काळ टिकते आणि तीच सर्वांत अधिक चुकीची समजली जाते. बोट सरळ करताना मधल्या सांध्याच्या तळहाताकडील बाजूस ओढ बसते, सांधा बाजूंनी दाबल्यास दुखतो, तो थोडा जाड दिसतो आणि सकाळी आखडलेला असतो. काही रुग्णांत ही अवस्था सहा महिनेपर्यंत राहते. बोट पुन्हा अडकत नसेल आणि महिन्यामागून महिना वेदना कमी होत असेल, तर हा शस्त्रक्रियेचा अपयश-दर्शक पुरावा नव्हे.

मधला सांधा का दुखतो

याची कारणे चार आहेत. पहिले आणि मुख्य कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळात असते. बोट अडकते आणि सरळ करताना दुखते, म्हणून रुग्ण ते नकळत किंचित वाकलेलेच ठेवू लागतो. मधल्या सांध्याच्या तळहाताकडील बाजूस एक जाड तंतुमय पट्टी असते. सांधा मागे उलटू नये म्हणून तिची योजना आहे. सांधा महिनोन् महिने वाकलेला राहिला म्हणजे ही पट्टी आणि तिचे बंध आखूड होतात. कप्पी कापल्याने दोरीचा मार्ग मोकळा झाला, तरी आखूड झालेली पट्टी सुरीने लांब होत नाही. बोट सरळ करू जाता ती ताणली जाते आणि दुखते. अर्थात रुग्णाने विकार जितका अधिक काळ अंगावर काढला असेल आणि बोट जितके अधिक वाकलेले असेल, तितका सांधा सुटण्यास विलंब लागतो.

दुसरे कारण कंडरेतच असते. कप्पीच्या दाराशी वर्षभर घासलेली कंडरा जाड झालेली असते. तिचा फुगवटा शस्त्रक्रियेच्या दिवशी नाहीसा होत नाही. तो हळूहळू ओसरतो. तोपर्यंत जाड झालेली वरची कंडरा, विशेषतः तिचा दुभंग, मधल्या सांध्याजवळ ओढ निर्माण करीत राहतो.

तिसरे कारण सूज. जखमेमुळे हातावर येणारी सूज बोटातही उतरते. सांध्यात द्रव साठला की सांध्याचे आवरण सैल राहील अशी थोडी वाकलेली स्थिती बोट आपोआप स्वीकारते. अशा स्थितीत ते बांधून ठेवले, तर सुजेतील द्रव्य ऊतकांच्या थरांत चिकटपणा उत्पन्न करते आणि जुने आखडलेपण अधिक दृढ होते.

चौथे कारण वयाचे. ज्या वयात हा विकार होतो, त्याच वयात बोटांच्या सांध्यांतील कूर्चेची झीजही सुरू झालेली असते. बोट अडकत होते तोपर्यंत सर्व दुखणे त्याच्या नावावर जमा होत होते. अडकणे थांबल्यावर झिजेचे स्वतंत्र दुखणे उघडे पडते. ते कप्पी कापल्याने जावे अशी अपेक्षाच योग्य नव्हे.

ही चार कारणे लक्षात घेतली म्हणजे असे दिसून येते की, सांधेदुखीचा बहुतेक भाग शस्त्रक्रियेने नव्याने उत्पन्न केलेला नसून शस्त्रक्रियेपूर्वीच्या महिन्यांचे ते राहिलेले देणे आहे. ते फेडण्याचे साधन हालचाल हेच होय.

हालचाल आणि विश्रांती

‘दुखते म्हणून हलवू नये’ हा आपल्याकडील समज जुना आहे, आणि मोडलेल्या हाडाच्या बाबतीत तो योग्यही आहे. येथे मात्र तो उलट फळ देतो. पट्टी बांधलेली असतानाच, पहिल्या दिवसापासून, बोटे हळुवारपणे मिटणे व उघडणे इष्ट असते. हात गळ्यातल्या झोळीत सतत अडकवून ठेवण्याचीही आवश्यकता नाही. त्यामुळे सूज तर उतरत नाहीच, उलट खांदा व कोपर आखडतात. बसल्या जागी हात उशीवर उंच ठेवावा आणि चालताना तो छातीपाशी धरावा.

व्यायामाचा क्रम सोपा आहे. प्रथम सर्व बोटे सरळ करावी. मग बोटांची मुळे सरळ ठेवून केवळ पुढची दोन पेरे आकड्यासारखी वाकवावी. पुन्हा सरळ करून पूर्ण मूठ मिटावी. नंतर बोटे सरळ ठेवून केवळ मुळाशी काटकोनात वाकवावी. या निरनिराळ्या स्थितींत दोन्ही कंडरा एकमेकींवरून वेगवेगळ्या अंतराने सरकतात आणि त्यांच्यात चिकटपणा धरत नाही. त्यानंतर दुसऱ्या हाताने बोटाचे पहिले पेर स्थिर धरून केवळ मधला सांधा वाकवावा व सरळ करावा. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा आवर्तने पुरेशी होतात.

किती दुखू द्यावे, यास एक व्यवहार्य कसोटी आहे. व्यायामानंतर आलेली कळ तासाभरात ओसरली, तर प्रमाण योग्य आहे असे समजावे. ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली किंवा सूज वाढली, तर व्यायाम अधिक झाला. तो थांबवू नये, निम्म्यावर आणावा. दुसऱ्याकडून बोट जोराने ओढवून किंवा मुरगळून घेणे मात्र सर्वथा टाळावे. ताणलेल्या बंधांना त्यामुळे इजा होते आणि सांधा अधिकच सुजतो.

टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर खोबरेल किंवा करडईच्या तेलाचे बोट लावून, गोल गोल दाबीत, दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे चोळावे. व्रण हुळहुळा असेल तर त्यास निरनिराळ्या स्पर्शांची सवय करावी लागते. प्रथम वेचलेला मऊ कापूस, मग सुती कापड, मग गोणपाट, या क्रमाने व्रणावरून फिरवावे. परातीत ज्वारी घेऊन तीत हात घालून मूठ मिटावी व उघडावी. आधुनिक हस्तोपचार केंद्रांत याच तत्त्वावर तांदळाने भरलेली भांडी वापरतात. सांधा सरळ होत नसल्यास रात्रीपुरती पट्टी बांधून तो सरळ ठेवतात आणि सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मग व्यायाम करतात.

येथे हळदीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. हळदीच्या प्रदेशात जखमेवर हळद भरण्याची प्रथा असणे स्वाभाविक आहे. परंतु टाके घातलेल्या जखमेत कोणतीही भुकटी हा परका पदार्थच ठरतो. आणि दुसरे असे की, हळदीच्या पिवळ्या रंगाखाली जखमेची लाली झाकली जाते. जखम चिघळत आहे हे ओळखण्याची पहिली खूणच त्यामुळे नाहीशी होते. आहारातील हळदीस अर्थातच काही प्रत्यवाय नाही.

शेतीकाम केव्हा सुरू करावे

पहिल्या कप्पीची जागा आणि खुरप्याची मूठ तळहातावर टेकण्याची जागा या एकच आहेत. म्हणून टाके निघाले एवढ्यावरून खुरपे हाती घेतल्यास व्रणावर थेट दाब येतो. घरातील कामांतही हाच विवेक हवा. जेवणे, वेणी घालणे, हलकी भांडी उचलणे ही कामे पहिल्या आठवड्यापासून होऊ शकतात, किंबहुना ती करावीच. मात्र जखम कोरडी राहिली पाहिजे. भाकरी थापताना तळहात पिठावर आपटतो आणि कपडे पिळताना मूठ आवळली जाते. ही कामे जखम भरून आल्यावर, साधारणतः तिसऱ्या आठवड्यानंतर, थोडी थोडी सुरू करावी. कापूस वेचण्यात बोटांची टोके वापरली जातात आणि तळहातावर दाब येत नाही, म्हणून ते काम तुलनेने लवकर झेपते; कापसाच्या बोंडाचे टोकदार काटे मात्र नव्या त्वचेस बोचतात. विळा, खुरपे, कुदळ आणि म्हशीची धार काढणे ही कामे चार ते सहा आठवड्यांनंतर करावी. हत्याराच्या मुठीवर कापडाची जाड गुंडाळी केल्यास मूठ घट्ट आवळावी लागत नाही आणि व्रणावरील दाबही विभागला जातो.

शस्त्रक्रिया तातडीची नसते, हा या विकारातील एक लाभ आहे. खरिपाची खुरपणी, सोयाबीनची कापणी आणि त्यामागोमाग येणारी कापूस वेचणी यांच्या ऐन हंगामात शस्त्रक्रिया केल्यास पथ्य पाळले जाणार नाही, हे उघड आहे. हळदीची काढणी आटोपल्यानंतर, होळीच्या पुढे, पेरणीपर्यंत जो अवकाश मिळतो त्यात ती करून घेतल्यास सहा आठवड्यांची सवड सापडते. तथापि सवडीची वाट पाहताना वर्षामागून वर्ष जाऊ देणे हिताचे नाही. कारण वाट पाहण्याच्या प्रत्येक महिन्यात मधला सांधा आखडत असतो. बोट अडकू लागले की प्रथम इंजेक्शनाचा विचार करावा. त्याने गुण न आल्यास पुढील मोकळ्या हंगामापलीकडे शस्त्रक्रिया लांबवू नये. मात्र इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांत काही महिन्यांचे अंतर ठेवणे चांगले, कारण लागोपाठ केल्यास जखम चिघळण्याचा धोका वाढतो. शस्त्रवैद्यास इंजेक्शनाची तारीख अवश्य सांगावी.

धोक्याची लक्षणे

आतापर्यंत जी वेदना वर्णिली ती सहन करून पुढे जाण्याजोगी आहे. परंतु सर्वच वेदना तशी नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी ठणकत वाढत जाणे, जखमेतून पू येणे, ताप येणे ही चिन्हे दिसताच त्वरित वैद्याकडे जावे. कंडरेच्या आवरणात पू झाल्याची चार लक्षणे शिकागोचे शस्त्रवैद्य ॲलन कॅनव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितली, ती आजही प्रमाण मानली जातात : संपूर्ण बोट सारखे सुजणे, ते वाकलेल्या स्थितीत राहणे, कंडरेच्या मार्गावर सर्वत्र दुखणे, आणि दुसऱ्याने किंचित सरळ करू जाता असह्य कळ येणे. अशा वेळी एका रात्रीचा विलंबही बोट गमावण्यास कारण होऊ शकतो.

बोटाची एक बाजू बधिर राहिली, तर मज्जातंतूस इजा झाली असल्याचा संशय घ्यावा. बोट पूर्वीसारखे अडकू लागले, तर कप्पीचा काही भाग कापावयाचा राहिला असण्याचा संभव असतो. सर्व हात सुजणे, त्वचा चकचकीत होणे, तिचा रंग व उष्णता बदलणे, घाम अधिक येणे आणि नुसत्या वस्त्राच्या स्पर्शानेही आग होणे, ही मज्जासंस्थेशी निगडित अशा एका विरळ पण चिवट विकाराची लक्षणे आहेत. त्यावर जितक्या लवकर उपचार होतील तितका गुण येतो. सहा महिन्यांनंतरही सांधा सरळ होत नसेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. काही निवडक रुग्णांत वरच्या कंडरेची एक शाखा काढून टाकल्याने राहिलेली ओढ कमी होते.

मधुमेही रुग्णांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांचा दीर्घ अभ्यास केला. बोटे झडतात ती प्रत्यक्ष रोगाने नव्हे. वेदना न जाणवल्यामुळे झालेल्या भाजण्या-कापण्यांनी आणि त्यांकडे झालेल्या दुर्लक्षाने ती नष्ट होतात, असे त्यांनी दाखवून दिले. दीर्घकाळच्या मधुमेहातही हातापायांची संवेदना मंदावू शकते. अशा रुग्णाचा हात दुखत नाही एवढ्यावरून सर्व ठीक आहे असे मानता येत नाही. त्याने जखम रोज डोळ्यांनी पाहावी आणि रक्तातील साखर तपासत राहावी.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे की, अडकणाऱ्या बोटावरील शस्त्रक्रिया दोरीचा मार्ग मोकळा करते. सांध्याचे आखडलेपण दूर करण्याचे काम ती रुग्णावर सोपविते. हे काम वेदनेवाचून होत नाही, परंतु वेदना मोजता येते आणि तिचे प्रमाण राखता येते. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या गेल्या पाहिजेत : मधला सांधा काही महिने दुखेल, आणि दुखत असताही तो हलवावयाचा आहे. पूर्वसूचना मिळालेला रुग्ण त्याच वेदनेस निराळ्या दृष्टीने पाहतो आणि व्यायाम सोडीत नाही.

हिंगोली येथे २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर संशोधन होत आले आहे. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर कोणते काम कोणत्या आठवड्यात झेपते, हत्याराची मूठ किती जाड असावी, हळदीच्या काढणीत बोटांवर किती भार येतो, हे प्रश्न या दोन्ही विद्याशाखांच्या सीमेवरचे आहेत. त्यांची उत्तरे परदेशी ग्रंथांतून मिळण्याजोगी नाहीत, कारण त्या ग्रंथांत खुरप्याचा विचार नाही. ती येथील शेतांत आणि येथील रुग्णालयांत शोधावी लागतील.